आधी किरणे, मग इंजेक्शन

साताऱ्याहून मिरजेला येणाऱ्या गाडीत एक दृश्य नेहमी दिसते. मांडीवर एक्स-रेचा मोठा लिफाफा आणि त्यावर भाकरीचा डबा. १८९४ साली डॉ. वॉनलेस यांनी मिरजेत इस्पितळ काढले, तेव्हापासून दुखणे हाताबाहेर गेले की मिरज गाठायची, ही आपल्याकडची रीत.

माझे मामूही असेच आले. सहा महिने त्यांनी खोकला 'बिडीचा आहे' म्हणून अंगावर काढला होता. निदान झाले फुफ्फुसाच्या कर्करोगाचे, तिसऱ्या टप्प्यातल्या. शस्त्रक्रिया शक्य नव्हती. केमो आणि किरणोपचार बरोबरीने सहा आठवडे चालले. ते संपले आणि डॉक्टर म्हणाले, आता इम्युनोथेरपीचा विचार करा. मामेभावाने मला विचारले, "भाईजान, किरणांनी गाठ जळाली ना? मग हे कशाला? त्यासाठी शेत विकू का?"

मी मराठीचा बी.ए. यातले मला काय कळणार? पण विचारले, वाचले. समजले ते असे. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी शरीराचे पहारेकरी. कर्करोगाची पेशी अंगावर पीडी-एल१ नावाचे प्रथिन बाळगते. ते खोटे ओळखपत्र पाहून पहारेकरी मागे फिरतो. किरणांनी पेशी फुटल्या की त्यांच्या तुकड्यांवरून पहारेकऱ्याला शत्रूची ओळख पटते. पण उरलेल्या पेशी ते ओळखपत्र आणखी पुढे करतात. डुर्वालुमॅब हे इंजेक्शन ते झाकून टाकते. असे अडसर दूर करण्याच्या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले.

केमो-किरणांनंतर आजार न वाढलेल्या ७१३ रुग्णांवर याची चाचणी झाली. किरणे संपल्यावर सहा आठवड्यांच्या आत सुरुवात, मग दर दोन आठवड्यांनी, वर्षभर. पाच वर्षांनी औषध घेतलेल्यांपैकी शंभरात ४३ हयात होते. न घेतलेल्यांत ३३. चमत्कार नव्हे, पण दहा घरांतला दिवा विझला नाही. मग हेच औषध किरणांबरोबर सुरुवातीपासून देऊन पाहिले. २०२४ साली मांडलेल्या त्या निष्कर्षांत फायदा दिसला नाही. म्हणजे क्रमालाही अर्थ आहे.

म्हणून शेताआधी डॉक्टरांना विचारा. ईजीएफआर ही जनुक-चाचणी झाली का? त्यात दोष निघाला तर इंजेक्शनऐवजी वेगळ्या गोळ्या असतात. सहा आठवड्यांतले किती दिवस उरले? आणि एकूण खर्च किती?

खर्चाच्या बाबतीत मुंबईच्या टाटा रुग्णालयाने एक वाट दाखवली आहे. तोंड-घशाच्या बळावलेल्या कर्करोगात त्यांनी निव्होलुमॅब हे औषध नेहमीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, म्हणजे २० मिलिग्रॅम, केमोच्या गोळ्यांबरोबर दिले. वर्षभराने हयात असणारे शंभरात १६ वरून ४३ वर गेले. हे २०२२ साली प्रसिद्ध झाले. मात्र हा पुरावा फुफ्फुसाचा नाही, म्हणून आपल्या मनाने डोस कमी करू नये.

मामूंच्या चाचणीत दोष निघाला नाही. पाचव्या आठवड्यात पहिले इंजेक्शन लागले. शेत विकले नाही. निम्मे गहाण पडले. या औषधाने कधी फुफ्फुसाला सूज येते, धाप लागते. ते लगेच सांगावे लागते. आता खोकला आला की मामू बिडीचे नाव घेत नाहीत. डॉक्टरांना फोन करतात.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)