'पाऊस आला' आणि 'आला पाऊस'

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शाळेत असताना निबंधात मी लिहिलं होतं, 'आला पाऊस.' गुरुजींनी लाल शाईनं खोडून वर लिहिलं, 'पाऊस आला.' कर्ता आधी, क्रियापद शेवटी. व्याकरणाच्या दृष्टीनं गुरुजींचं बरोबरच होतं. पण साताऱ्याचा माण-खटाव काय किंवा सांगलीचा आटपाडी-जत काय, आमच्या दुष्काळी पट्ट्यात ही दोन वाक्यं एक नाहीत. 'पाऊस आला' ही बातमी आहे. वाळवण आत घ्या, म्हणून सांगितलेली. 'आला पाऊस' म्हणजे ज्याची वाट बघत होतो तो आला. पाऊस सगळ्यांच्या मनात आधीच होता, म्हणून 'आला' पुढं आलं.

बी. ए.ला इंग्रजी गद्य वाचताना या गोष्टीचं महत्त्व कळलं. कोल्ह्यानं कोंबडी धरली, हे इंग्रजीत सांगायचं तर कोल्हा आधीच हवा. जागा बदलली तर कोंबडीच कोल्ह्याला धरते! त्यामुळं तिथला लेखक क्रम मोडतो तो फार जपून, आणि वजनदार शब्द बहुधा वाक्याच्या शेवटाला राखून ठेवतो. आपल्याकडं कोणी कोणाला धरलं हे 'नं' आणि 'ला' सांगतात. शब्द हलायला मोकळे.

पण मोकळे म्हणजे वाटेल तसे नव्हेत. 'हे घड्याळ मला चाचांनी दिलं' म्हटलं की जोर चाचांवर. दुसऱ्या कोणी नाही. 'हे घड्याळ चाचांनी मला दिलं' म्हटलं की जोर माझ्यावर; भावाला नाही! मराठीत क्रियापदाला खेटून बसलेला शब्द बहुधा मानाचा.

लयीचंही तसंच. ओळीनं दहा वाक्यं 'होता, होती, होते' करत संपली, की वाचणाऱ्याला पेंग येते. बोलणारा माणूस असं बोलत नाही. माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) किंवा वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांची 'फकिरा' (१९५९) या दृष्टीनं मोठ्यानं वाचून बघा. कुठला शब्द कुठं बसलाय, ते कानाला कळतं.

माझे अब्बा सहा महिने अंथरुणाला खिळून होते. मी सांगलीत नोकरीला. एका पहाटे फोन वाजला. चाचा आमच्या घरच्या दखनीत एवढंच म्हणाले, 'गये रे अब्बा.' 'गये' आधी आलं, कारण फोन कोणाबद्दल आहे हे उचलण्याआधीच आम्हा दोघांना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी पेपरात द्यायचा मजकूर मीच लिहिला. नाव आधी, 'पैगंबरवासी झाले' शेवटी. तो परक्या वाचकांसाठी होता. तिथं तोच क्रम योग्य होता. पण चाचांनी मला त्या क्रमानं सांगितलं असतं, तर मीही परका झालो असतो.

म्हणून निबंध तपासणाऱ्या शिक्षक मित्रांना एक विनंती. पोराच्या वहीत उलटं वाक्य दिसलं, तर लाल पेन उचलण्याआधी ते एकदा मोठ्यानं वाचा. कदाचित चूक नसेल ती.