स्टार्टर फिरतो, पण गाडी सुरू होत नाही



पेट्रोल गाडीचा स्टार्टर जोमाने फिरतो, तरी इंजिन पकडत नाही, तेव्हा बॅटरीला दोष देऊ नका. बाईंनी शिकवलेलं ज्वलन आठवा: इंधन, हवा, ठिणगी. चावी फिरवल्यावर इमोबिलायझरचा दिवा लुकलुकत राहिला, तर दुसरी चावी लावून बघा. नाहीतर मागच्या सीटपाशी कान द्या. फ्युएल पंपाची दोनेक सेकंदांची गुणगुण ऐकू आली नाही, तर फ्यूज तपासा; आली, तर ठिणगी तपासायला मेकॅनिक बोलवा.

गेल्या पावसाळ्यात रात्री आईला दवाखान्यात न्यायचं होतं आणि गाडी अशीच अडली. पंपाचा फ्यूज उडाला होता. रेडिओचा तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज तिथे बसवला आणि वेळेत पोचलो. सॉफ्टवेअरमध्येही मी हेच करते: एकेक शक्यता खोडते. बाई, तुमचा धडा रोज उपयोगी पडतो.