गावचे दप्तर गावाने वाचावे
(वार्षिक समारंभातील भाषण)



इतिहास संशोधन म्हणजे विद्वानांचे काम, कारध्यासारख्या गावाचा त्याच्याशी काय संबंध, असे आपणांस वाटत असेल. म्हणून प्रथम एका मंडळाची हकीकत ऐकावी.

7 जुलै 1910 रोजी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. त्यापूर्वी कित्येक वर्षे राजवाडे गावोगाव पायपीट करून जुन्या घराण्यांच्या माळ्यांवर धूळ खात पडलेली दप्तरे मिळवीत होते. कुणी आदराने कागद दाखवी, कुणी दारातूनच वाटेला लावी. मंडळाने या कामाला घर दिले. लोकांनी कागद आणून द्यावे, सभेत त्यांचे वाचन व्हावे, त्यावर वाद व्हावा आणि मग ते छापले जावे, असा क्रम पडला. आज तेथे 15 लाखांच्या आसपास कागद आहेत. मोडी लिपीचे वर्गही मंडळ घेत आले आहे. हे पुण्यातच जमते असेही नाही. 1926 साली राजवाडे धुळ्यास वारले, त्यानंतर तेथेही त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले.

आता आपल्या जवळची गोष्ट. मंडळातले कागद मोडीत आहेत तसे फारसीतही आहेत. ग. ह. खरे यांनी त्यासाठी फारसी शिकून घेतली आणि ऐतिहासिक फारसी साहित्याचे अनेक खंड संपादित केले. पनवेलकडचा एक ब्राह्मण गृहस्थ फारसी सनदा वाचतो, आणि उर्दू लिपी लहानपणापासून गिरवणारी आपली मुले घरातली सनद कपाटात ठेवून देतात! लिपी ओळखीची म्हणजे भाषा आली असे नव्हे, हे खरे. शिकस्ता हस्ताक्षरापुढे भले भले उस्ताद चष्मा पुसतात. पण अर्धी वाट आपण चालून आलो आहोत.

इतिहासासाठी दूर जाण्याचेही कारण नाही. याच वैनगंगेच्या काठी पवनीस 1969-70 साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खाते यांनी उत्खनन केले, तेव्हा प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष आणि ब्राह्मी लेख उजेडात आले. तुमसरकडचा आंबागड किल्ला 1700 च्या सुमारास राजखान पठाणाने बांधला, असे सांगतात. तो देवगडच्या गोंड राजा बख्तबुलंदाचा सरदार. गोंड राजा, पठाण किल्लेदार, पुढे भोसल्यांचा अंमल! आपला जिल्हा कोणा एकाचा नाही, हे सांगायला याहून वेगळे व्याख्यान कशाला?

तथापि किल्ला आपल्या जागी उभा राहतो, कागद राहत नाही. ऑगस्ट 2020 च्या पुरात वैनगंगेचे पाणी काठच्या वस्त्यांत शिरले. अशा वेळी माणूस धान्य उचलतो, लेकरे उचलतो. आजोबांची पेटी कोण उचलणार? पुरातून वाचले ते दिवाळीच्या सफाईत रद्दीवाल्याकडे जाते.

म्हणून माझी सूचना अशी की, आठवी-नववीच्या मुलांचे एक लहान मंडळ आपण सुरू करावे. महिन्यातून एका रविवारी एका मोहल्ल्यात जावे. इनामाच्या सनदा, निकाहनामे, जमिनीचे जुने मोडी कागद, शाळेचे दाखले, जे असेल त्याचे मोबाईलवर छायाचित्र घ्यावे. कागद कोणाच्या घरचा आणि त्यात काय आहे याची वहीत नोंद करावी. नदीवरील इंग्रजांच्या काळातला जुना पूल आणि मागचे पूर यांच्या आठवणी वृद्धांकडून लिहून घ्याव्यात. त्यात आपल्या वडीलधाऱ्या स्त्रियांना आवर्जून विचारावे, त्यांना साल आठवत नसले तरी पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते ते बरोबर आठवते. वर्षाअखेरीस याच सभागृहात प्रदर्शन भरवावे. हिंदू, बौद्ध शेजाऱ्यांचीही दप्तरे त्यात असावीत.

जमिनीच्या वादात कागद वापरला जाईल, ही धास्ती काही पालकांना वाटेल. ती गैर नाही. म्हणून मूळ कागद घराबाहेर न्यायचा नाही आणि मालकाच्या संमतीवाचून छायाचित्र कोणास दाखवायचे नाही, असा नियम प्रथमच लिहून ठेवावा.

ज्यांच्या घरी असे काही आहे त्यांनी आज निघताना आपले नाव द्यावे. आम्ही येऊच. तोवर तुटलेल्या घडीला डिंक किंवा चिकटपट्टी लावू नये, उन्हात वाळत घालू नये; सुती फडक्यात गुंडाळून कोरड्या, उंच जागी ठेवावे.