वाळवंट, समुद्र आणि जात्यावरचं तेल

आज मी तुम्हाला मोरोक्को या देशाबद्दल सांगणार आहे. आफ्रिकेच्या वायव्य टोकाला हा देश आहे. एका अंगाला सहाराचं वाळवंट, दुसऱ्या अंगाला अटलांटिक समुद्र. आमच्या एका गटातल्या ताईंची मुलगी शासनाच्या शिष्यवृत्तीवर युरोपात पाणी व्यवस्थापन शिकते. तिच्या वर्गाची अभ्याससहल तिकडे गेली होती. सुट्टीत ती गावी आली, तेव्हा आम्ही तिला बैठकीला बोलावलं.

पहिलाच प्रश्न आला, "बाई, मुलांबरोबर वाळवंटात तंबूत राहिलीस?" ती हसली. म्हणाली, "मुलींचे तंबू वेगळे होते, मॅडम सोबत होत्या. पण रात्री इतकी थंडी, की सगळे शेकोटीभोवतीच बसलो." तिची आई शांतपणे म्हणाली, "मी तिला पाठवलं ते शिकायला. काय शिकली ते विचारा की!"

मग आम्ही तेच विचारलं.

मर्झूगा गावाजवळ वाळूचे डोंगर आहेत, काही दीडशे मीटरच्या आसपास उंच. त्याच भागात 'खेत्तारा' नावाची जुनी पाणीयोजना आहे. जमिनीखालून उताराचा बोगदा खणायचा, साफसफाईसाठी वर ओळीनं विहिरीसारखी तोंडं ठेवायची. वीज नाही, पंप नाही, पाणी आपसूक शेतापर्यंत येतं. घरटी पाळी ठरलेली. पण बोअर आणि पंप वाढले, दुष्काळ पडले, आणि बऱ्याच खेत्तारा आटल्या. सोबतच्या मोरक्कन मुलीला आपली लेक म्हणाली, "आमच्या मराठवाड्यातही मलिक अंबरानं सतराव्या शतकात अशीच जमिनीखालची नहर बांधली." तिथून दोघींची गट्टी जमली. दोघींच्या गावचं दुखणं एकच निघालं!

पुढे सहल एस्सौइरा या बंदराला गेली. निळ्या होड्या, जुनी तटबंदी आणि सतत वारा. त्या बाजूला आर्गन नावाचं काटेरी झाड होतं. त्याच्या बियांचं तेल खातात, अंगाकेसांना लावतात. बायका दगडावर दगडानं कवच फोडतात, आतला गर भाजतात, जात्यावर दळतात, कोमट पाणी घालून मळतात आणि हातानं पिळून तेल काढतात. पेंड जनावरांना, कवच चुलीला. काही वाया जात नाही. आपली लेक जात्याला बसली, तेव्हा समोरच्या आजीनं तिचा हात धरून खुंटा फिरवला. भाषा येत नव्हती, पण जातं दोघींनाही येत होतं. निघताना ती त्यांच्या भाषेत म्हणाली, "तनेम्मिर्त", म्हणजे आभारी आहे.

पूर्वी या बायकांच्या कष्टाला फार कमी मोल मिळायचं. १९९० च्या दशकात रबातच्या विद्यापीठातल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका झुबैदा शरूफ यांनी पुढाकार घेतला आणि बायकांच्या सहकारी संस्था उभ्या राहू लागल्या. विधवा, घटस्फोटित बाया त्यात आल्या. २०१४ मध्ये युनेस्कोनं आर्गनच्या या पारंपरिक ज्ञानाला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं.

पण मैत्रिणींनो, सगळंच गोड नाही. हे तेल जगभर महाग विकलं जातं. काही ठिकाणी मात्र दारावर नाव बायकांच्या संस्थेचं, आणि धंदा दुसऱ्याच्या हातात. बाया नुसत्या किलोवर बिया फोडणाऱ्या मजूर. म्हणून आपल्या लेकीनं तिथे विचारलं, "बँकेत सही कोणाची चालते?" हा प्रश्न तिला कोणत्या विद्यापीठानं शिकवला नाही. लहानपणी आईसोबत गटाच्या बैठकीत बसून ती तो शिकली.

आपल्याकडेही चारोळी फोडणाऱ्या, काजू सोलणाऱ्या बाया आहेत. माल आपला, कष्ट आपले, मग भाव कोण ठरवतं? या महिन्याच्या बैठकीत तीन गोष्टी तपासा. पासबुक कोणाकडे आहे? हिशोब सगळ्यांसमोर वाचला जातो का? कच्चा माल विकण्याऐवजी आपण स्वतः काय तयार करू शकतो?

आणि गावातली एखादी मुलगी बाहेर शिकायला निघाली, की "कोणासोबत जाते?" एवढंच विचारून थांबू नका. परत आली की तिला बैठकीत बोलवा, पाणी द्या, आणि नीट ऐकून घ्या. तिच्या गाठोड्यात आपल्या कामाचं बरंच काही असतं.