फाउल कोण मागतो?

आजचा विषय बास्केटबॉलचा, पण सुरुवात चाळीतल्या क्रिकेटपासून करतो. आमच्याकडे नियम होता, बॉल कुणाच्या घरात गेला की थेट आउट. त्यामुळे झालं काय, आम्ही सगळे बॉल जमिनीलगत मारायला शिकलो. कुठल्या कोचने नाही शिकवलं, शेजाऱ्यांच्या खिडक्यांनी शिकवलं.

हे आठवलं माझ्या मुलामुळे. आम्ही न्यू जर्सीत राहतो. तो पंधरा वर्षांचा आहे, शाळेच्या टीममध्ये खेळतो, पण खेळ शिकला गावातल्या कम्युनिटी जिममध्ये, मोठ्या माणसांबरोबर. गेल्या हिवाळ्यात एका मॅचमध्ये तिसऱ्या क्वार्टरलाच त्याचे पाच फाउल झाले आणि तो बाहेर बसला. माझ्या मागे कुणीतरी म्हणालं, "जिमवाला पोरगा आहे, धसमुसळाच खेळणार." मला लागलं ते. गाडीत बसता बसता ठरवलं, आता जिम बंद.

पण बंद करायच्या आधी एका शनिवारी स्वतः जाऊन बसलो.

तिथे रेफरी नसतो. पाच विरुद्ध पाच, अकरा पॉइंटची गेम. जिंकेल तो कोर्टवर राहतो, हरेल तो यादीच्या तळाला जातो. त्या दिवशी तीन टीम वाट बघत होत्या. म्हणजे हरलात तर अर्धा-पाऊण तास भिंतीला टेकून बसा. मग नऊ-नऊ झाल्यावर कोण कुणाला सोपा ले-अप देईल? आणि फाउल? ज्याला लागलं त्यानेच ओरडायचं. पण बारीकसारीक धक्क्याला दोनदा ओरडलात, की सगळे वैतागतात. पोरगं काय शिकणार? फाउल मागायचा नाही, धक्का खाऊन बॉल बास्केटमध्ये टाकायचा. शाळेच्या मॅचमध्ये मात्र कमरेवर हात ठेवला की शिट्टी वाजते. माझ्या मुलाचा स्वभाव बिघडला नव्हता, तो फक्त दुसऱ्या घरचे नियम पाळत होता.

आणि हे आजचं नाही बरं का. बास्केटबॉल जन्मलाच जिममध्ये. डिसेंबर १८९१, स्प्रिंगफील्ड, मॅसॅच्युसेट्स. वायएमसीएच्या प्रशिक्षण संस्थेत जेम्स नेस्मिथ यांनी हिवाळ्यात आत खेळता येईल असा खेळ काढला. बाल्कनीला पीचच्या टोपल्या टांगल्या. हा खेळ मारामारीचा नसावा, हाच तर हेतू होता. तरी पहिल्याच वेळी पोरं एकमेकांवर तुटून पडली, कुणाचे डोळे काळेनिळे झाले, एकाचा खांदा निखळला, असं नेस्मिथ यांनी स्वतः पुढे रेडिओवर सांगितलं. धक्का देणं, धरणं, पाडणं याला बंदी घालणारा नियम त्यांच्या १३ नियमांत आहे.

त्यांचा आणखी एक नियम बघा. बॉल रेषेबाहेर गेला की जो आधी हात लावेल, त्याचा. झालं, सगळे बॉलमागे प्रेक्षकांत घुसायला लागले. मग न्यू जर्सीतल्याच ट्रेंटनमध्ये कोर्टाभोवती जाळी लावली गेली. पिंजराच तो. आता बॉल बाहेर जाणंच बंद, आणि खेळाडू जाळीवर आपटायला लागले. न्यूयॉर्कमध्ये वेस्ट फोर्थ स्ट्रीटचं कोर्ट आहे, त्याला आजही 'द केज' म्हणतात. ते नेहमीच्या कोर्टापेक्षा लहान, भोवती कुंपण. जागाच कमी, मग अंगाला अंग घासणारच. तिथला खेळ रांगडा म्हणून प्रसिद्ध आहे, यात नवल काय?

पण शनिवारी मी अजून दोन गोष्टी पाहिल्या. शॉट मारताना माझ्या मुलाच्या मनगटावर फटका बसला. तो गप्प राहून मागे पळाला. मारणारे गृहस्थ पन्नाशीचे असतील, ते स्वतःच थांबले आणि म्हणाले, "माझा फाउल. बॉल तुझा." दुसरी गोष्ट, एक दांडगा तरुण सारखा कोपर मारत होता. त्याची टीम हरली. ज्याचा पुढचा नंबर होता तो आपले चार जण निवडायला लागला, हा समोरच उभा होता, तरी त्याला घेतलं नाही. कुणी एक शब्द बोललं नाही. जिमची शिट्टी ही अशी वाजते. जोर चालतो, इजा करणं चालत नाही.

जिम बंद नाही केली. घरी येताना एवढंच म्हणालो, "बाळा, पाय आणि छाती जिमची ठेव, हात शाळेचे ठेव." जागा आधी पाय नेऊन अडवली तर फाउल नाही, उशीर झाला की मग हात पुढे जातो. पुढच्या मॅचला त्याचे चार फाउल झाले. पण शेवटच्या मिनिटाला तो कोर्टवर होता.

तुमच्या गल्लीतल्या नियमांनी तुम्हाला काय शिकवलं, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.