गरोदरपणातील सहवास

लोहाच्या गोळ्यांविषयी गरोदर स्त्री विचारते. पतिपत्नीच्या सहवासाविषयी मात्र ती मौन पाळते. सातव्या महिन्यात तिला माहेरी धाडले की घरालाही तो विषय मिटल्यासारखा वाटतो. वस्तुतः गरोदरपण निर्वेध असल्यास सहवासाने गर्भास इजा होत नाही. गर्भजल व गर्भाशयाचे स्नायू त्याचे रक्षण करतात. स्त्रीची इच्छा मात्र सर्वप्रथम. रक्तस्राव, पाणी जाणे, गर्भाशयाच्या मुखावर वार असणे, अकाली प्रसूतीचा धोका, यांपैकी काहीही असल्यास सहवास वर्ज्यच. गुप्तरोगाची शंका असल्यास दोघांनीही तपासून घ्यावे, निरोध वापरावा. उपदंश व एचआयव्ही बाळापर्यंत पोहोचू शकतात. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दरमहा ९ तारखेस शासकीय आरोग्य केंद्रांत मोफत तपासणी होते. तेथे पतीने सोबत जावे व हा प्रश्न त्यानेच विचारावा.