मचाणावरची जागल

आम्ही पूर्व विदर्भातल्या एका धानाच्या गावातल्या बचत गटाच्या आठ बाया. आज आम्ही तुम्हाला झाडावर झोपायचं कसं, ते सांगणार आहोत. हसू नका. दिवाळीच्या आगेमागे धान भरतं, रानडुकरं बांधीत उतरतात आणि घरातल्या कुणाला तरी जागलीला जावंच लागतं. आपल्याकडे असं ठरूनच गेलंय की दिवसा पाखरं हाकलायची बाईनं आणि रात्री जागल करायची गड्यानं. आम्हीही तसंच मानत होतो.

मग आमच्यातल्या एकीचा घरधनी गेला. त्याला वाघानं नेलं नाही की डुकरानं मारलं नाही. तो धुऱ्यावर तनस पसरून झोपला होता. पहाटे घरी आला तो पोट दुखतं म्हणत. पापण्या जड झाल्या, बोलणं अडखळायला लागलं. अंगावर कुठं जखम दिसेना, म्हणून आम्ही सगळ्यांनी आधी झाडफूक करणाऱ्याकडे नेलं. तिथं वेळ गेला आणि दवाखान्याच्या वाटेवरच त्याचा श्वास थांबला. आता आम्हाला कळतं की ती मण्यार होती. मण्यार रात्री हिंडते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि पुष्कळदा चावल्याचं दुखतही नाही. मैत्रिणींनो, ही चूक आमच्या सगळ्यांची होती, म्हणून रेडिओवर सांगतो. अशी लक्षणं दिसली की १०८ ला फोन करा, रुग्णाला चालवू नका, सरळ सरकारी रुग्णालय गाठा. सापाच्या विषावर औषध आहे, पण ते वेळेत मिळालं पाहिजे.

तिचं दोन एकर धान उभं होतं. दीर म्हणाला, "बाईमाणसानं रात्री रानात झोपायचं? गेलं तर जाऊ दे धान." तिनं विचारलं, "धान गेलं तर सोसायटीचं कर्ज तुम्ही भरता का?" यावर कुणी काही बोललं नाही. आमच्यातल्या पाच जणींची शेतं तिच्या शेताला लागूनच आहेत. गटाच्या बैठकीत ठरवलं की मचाण बांधायचं आणि रोज दोघींनी जायचं. म्हणजे प्रत्येकीची पाळी चौथ्या रात्री.

मचाण बांधायला आम्ही तिच्या धुऱ्यावरचं मोहाचं जुनं झाड घेतलं. शेवग्यासारखं ठिसूळ झाड चालत नाही, आणि वर वाळलेली फांदी लोंबत असेल तर चांगलं झाडही सोडा. मागची बाजू झाडाच्या बेचक्यात आणि पुढची बाजू दोन खांबांवर. उंची दहा फूट पुरते. जास्त उंच गेलो तर पडण्याची भीती वाढते, बाकी काही नाही. जून झालेला बांबू वापरा, कोवळा लवकर किडतो. खिळे मारू नका, दोरानं बांधा. वाऱ्यात झाड हलतं, खिळा ढिला होतो, दोर मात्र झाडाबरोबर हलतो. कमरेएवढा कठडा चारही बाजूंनी हवाच, कारण झोपेत कूस बदलली की काठ कळत नाही. दरवर्षी दोर नवे घ्या आणि पहिल्या दिवशी उजेडातच दोघींनी वर उभं राहून पाहा.

वर तनस टाकायचं तर रोज संध्याकाळी झटकून टाका, त्यात विंचू बसतो. मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली दाबा. रिकामे डबे शेतभर दोरीवर टांगा आणि दोरीचं टोक मचाणावर घ्या. डुक्कर आलं की वरूनच दोरी ओढायची. खाली उतरायचं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आम्हाला वाटायचं, वर चढलो की सुटलो. तसं नाही. बिबट झाडावर चढतो, अस्वलही चढतं. म्हणून दोघी हव्यात, एक जागी आणि एक झोपलेली. आणि खरा धोका मचाणावर नाही, वाटेवर आहे. दिवस मावळायच्या आत वर जायचं आणि चांगलं उजाडल्यावरच उतरायचं. मधेच घरी जायचं नाही. लघवीला उतरावं लागलं तर आधी बॅटरीनं खाली चहूकडे पाहा, आवाज करा, मग दोघींनी मिळून उतरा. लाजेपोटी एकटीनं अंधारात जाऊ नका. विजा चमकायला लागणार असं आभाळ दिसलं तर त्या रात्री जायचंच नाही. झाडावर आणि झाडाखाली, दोन्हीकडे वीज मारते. तान्ह्या लेकराची झोळी दिवसा फांदीला बांधली तर ठीक, रात्री लेकरू वर न्यायचं नाही. आणि कुंपणात वीज कुणी सोडू नका. ती डुकराआधी आपल्याच माणसाला मारते.

त्या वर्षी सगळंच वाचलं असं नाही. एका रात्री आम्ही दोघीही झोपून गेलो आणि एक बांधी डुकरांनी लोळवली. सकाळी फोटो काढले, वनरक्षकाला कळवलं, पंचनामा करून घेतला. बाकी धान घरी आलं. तिनं कर्जाचा हप्ता भरला त्या दिवशी दीरच बैलबंडी घेऊन आला होता. बोलला काही नाही, पण यंदा खांबांसाठी बांबू त्यानंच आणून दिले.

बुद्ध पौर्णिमेच्या रात्री ताडोब्यात शहरातली माणसं पैसे भरून मचाणावर बसतात, प्राणी पाहायला. आम्हीही पाहतो, चितळ, रोही, कधी चांदण्यात नुसतं हलणारं धान. पहाटे थंडी पडली की दोघींत एक गोधडी असते आणि घरी न बोललेलं बरंच काही तिथं बोलून होतं. आमची ती मैत्रीण त्याच्याबद्दल पहिल्यांदा रडली ती मचाणावरच.

तुमच्या गावात कुणी अजून धुऱ्यावर, जमिनीवर झोपत असेल, मग तो गडी असो की बाई, त्याला आज रात्रीपासून वर झोपवा. मचाण नसेल तर निदान खाट आणि मच्छरदाणी द्या. एवढंच सांगायला आलो होतो.